गाडी फिरवून आणू!

रविवारी दुपारी चार वाजता तुम्ही काय करत असता? मी माझं सांगते. जेवण जरा जास्तच झालेलं असतं, पंखा फुल स्पीडवर, अंगावर चादर आणि हातात मोबाइल. रील बघता बघता डोळा लागतो. जाग येते तेव्हा अंधार पडलेला असतो आणि सोमवारच्या असाइनमेंटच्या आठवणीने पोटात गोळा येतो. आई हॉलमध्ये तिच्या मोबाइलवर, पप्पा आतल्या खोलीत त्यांच्या मोबाइलवर. वायफाय एकच, खोल्या वेगवेगळ्या. तुमच्याकडेही असंच असणार, मला माहितीये.

पण २०१० च्या आसपास याच वेळेला आमच्या घरी वेगळाच गोंधळ असायचा. चहा झाला की पप्पा गॅलरीत जायचे, खाली उभ्या असलेल्या आमच्या पांढऱ्या मारुती ८०० कडे बघायचे आणि ठरलेलं वाक्य टाकायचे, ‘चला, गाडी फिरवून आणू. उभी राहून बॅटरी उतरंल.’

वाक्य नीट वाचा. ‘आपण फिरून येऊ’ नाही. गाडी फिरवून आणू. जणू काही म्हशीला पाण्यावर न्यायचंय. आमची गाडी १९९८ ची, तीही सेकंडहँड. पप्पा पतसंस्थेत क्लार्क. ऑफिसला ते स्कूटरनेच जायचे, त्यामुळे सोमवार ते शनिवार गाडी कव्हरखाली झाकलेली. रविवारी ते कव्हर निघायचं, पप्पा चारही टायरना एकेक लाथ घालून हवा ‘चेक’ करायचे, चोक ओढायचे आणि गाडी दोन-तीन वेळा खोकून सुरू व्हायची. (चोक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. पुढचा अर्धा तास ते बोलत राहतील.)

मला तेव्हा वाटायचं, बॅटरी म्हणजे खरंच एखादा आजारी प्राणी आहे आणि आपण दर रविवारी त्याचा जीव वाचवतो. मोठेपणी कळलं, यात निम्मं तथ्य होतं. उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू उतरतेच आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटर ती पुन्हा भरतो. नुसतं पार्किंगमध्ये दोन मिनिटं सुरू करून बंद केली तर उलट तोटा, कारण स्टार्टरच बराच करंट खातो. गाडी चांगली अर्धा तास रस्त्यावर पळवावी लागते. पण अर्ध्या तासाचं काम आम्ही साडेतीन तास करायचो, आणि उरलेल्या तीन तासांचा बॅटरीशी काही संबंध नव्हता. विनाकारण पेट्रोल जाळून मजा करायची, हे पप्पांच्या पिढीतल्या पगारदार माणसाला तोंडाने कबूलच करता येत नव्हतं. काहीतरी काम काढावं लागायचं.

रूट ठरलेला. शिवाजी पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला उसाची शेतं, मग आंबेवाडी, वडणगे फाटा, केर्ली. केर्लीला उजवीकडे जोतिबाला जायचा फाटा. तिथे आई बसल्या जागी हात जोडायची आणि पप्पा स्पीड न कमी करता स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावायचे. पुढे वाघबीळ. तिथून पन्हाळ्याचा घाट सुरू. घाटाच्या तिसऱ्या वळणावर दादाला हमखास मळमळायचं. त्यासाठी आईच्या पर्समध्ये आवळा सुपारी आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या कायम. आवळा सुपारी मीच संपवायचे, पिशव्या दादाच्या.

वर गेल्यावर काय, तर खास काही नाही. सज्जाकोठीच्या बाजूला गाडी लावायची, खालची दरी बघायची. थर्मासमधला चहा. कधी पैसे असतील तर झुणका-भाकर आणि मडक्यातलं दही. पप्पांनी तीच माहिती पुन्हा सांगायची: अंबारखान्याची तीन कोठारं म्हणजे गंगा, यमुना, सरस्वती, १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा, भर पावसात महाराज विशाळगडाकडे निघाले, कवी मोरोपंतांचा जन्म इथलाच. आम्ही दोघं भाऊ-बहीण तेव्हा कणसाच्या दाण्यांवरून भांडत असायचो. गेल्या वर्षी जुलैमध्ये, म्हणजे २०२५ साली, ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या १२ किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळाही आहे. ती बातमी ऑफिसात आली तेव्हा मला बॅकग्राउंड लिहायला दिलं होतं. मी एकदाही गुगल न करता तीन पॅरा लिहिले. ते कुणाचे होते, ते आता तुम्हाला कळलंच असेल.

परतताना गंगावेशीत थांबा. तिथे संध्याकाळी म्हशी उभ्या असतात आणि समोर पिळलेलं धारोष्ण दूध ग्लासात मिळतं, फेसासकट. ओठावर पांढरी मिशी घेऊन घरी यायचं आणि तसंच झोपायचं.

हे नक्की कधी थांबलं, असं मी स्वतःला विचारलं तर तारीख सापडत नाही. भांडण नाही, निर्णय नाही. दादाची दहावी आली आणि क्लासवाल्यांनी टेस्ट रविवारी ठेवल्या. मग माझी दहावी. मध्ये टीव्हीवर मॅच, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं. २०१७ मध्ये दादाच्या इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनच्या वेळी गाडी विकली. तोपर्यंत ती १९ वर्षांची झाली होती, त्यामुळे जे मिळाले ते भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त, एवढंच. खरं तर मारुती ८०० चं उत्पादनच २०१४ मध्ये बंद झालं होतं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हापासून तीस वर्षं मध्यमवर्गाचा रविवार या गाडीनं ओढला असं म्हणायला हरकत नाही. आमच्या पार्किंगच्या जागेत आता शेजाऱ्यांची बुलेट असते.

हा विषय मी मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला तर दोन तासांत शंभरावर मेसेज. सांगलीची मैत्रीण म्हणाली, ‘आमचं हरिपूर. संगमावर जायचं, कृष्णा-वारणा बघायची, शेंगा खायच्या, परत.’ इचलकरंजीच्या एकीकडे गाडीच नव्हती, पण स्कूटरवर चौघं नरसोबाच्या वाडीला जायची, ती पुढे उभी राहायची आणि येताना तिच्या मांडीवर कवठाच्या बर्फीचा डबा. (चौघं एका स्कूटरवर हे तेव्हाही बेकायदा होतं आणि आताही आहे. नॉस्टॅल्जिया आहे म्हणून कृपया करू नका.) नाशिकची एक जण गंगापूर धरणावर जायची. सगळ्यांच्या गोष्टीत काही गोष्टी सेम होत्या: ठिकाण फालतू, खाणं ठरलेलं, गाडी चालवणारे बाबा आणि मागे उलटी करणारं एक भावंड. आणि सगळ्यांच्या गोष्टी भूतकाळात होत्या.

आपण ‘संडे ड्राइव्ह’ हा शब्द वापरतो तो अमेरिकेतला. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, सामान्य माणसाच्या दारात मोटार आली आणि रविवारी कुटुंबाला घेऊन नुसतंच हिंडायची पद्धत पडली. तिची किंमत कळली ती मात्र बंद पडल्यावर. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं, १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेच्या पूर्वेकडच्या राज्यांत मौजेसाठी गाडी चालवायलाच बंदी आली. १९७३ च्या तेलसंकटात नेदरलँड्स आणि पश्चिम जर्मनीत काही रविवारी खासगी गाड्या रस्त्यावर आणायला मनाई होती. लोकांनी काय केलं? रिकाम्या हायवेवर सायकली आणि स्केट्स काढले. तुमच्यातला जो पर्यावरणवाला मित्र इथपर्यंत वाचून ‘कार्बन फूटप्रिंट’ म्हणायला तोंड उघडतोय, त्याच्यासाठी ही माहिती. त्याचं म्हणणं चूक नाही. माझ्याकडे त्याला उत्तर म्हणून एवढंच आहे की चार माणसं एका गाडीत, महिन्यातून दोनदा.

आता मुद्द्याचं. गेल्या दिवाळीत मी ठरवलं की हे पुन्हा सुरू करायचं. दादा पुण्यात हिंजवडीला, तो आलेला होता. राजारामपुरीत राहणाऱ्या मामाची वॅगन आर आठवडाभर उभी असते, कारण मामा कामासाठी बाहेरगावी. त्याने चावी द्यायची तयारी दाखवली. मी लर्निंग लायसन्स काढलं. ते सहा महिने चालतं आणि पक्क्या लायसन्सची टेस्ट तीस दिवसांनंतर देता येते. पण लर्निंगवर चालवताना शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसावा लागतो आणि गाडीला ‘एल’ लावावा लागतो. माझ्या डोक्यात चित्र तयार होतं: पप्पा शेजारी बसणार, मी चालवणार.

पप्पा म्हणाले, ‘मामाला घेऊन जा.’

मी म्हटलं, मामा नाहीये. ‘मग ड्रायव्हिंग स्कूल लाव.’ मी म्हटलं, पप्पा, तुम्ही तीस वर्षं गाडी चालवलीय. ते पेपर उघडून बसले. एवढंच.

मला राग आला, खोटं का बोलू. वाटलं, दादाला त्यांनीच शिकवली, शेंडा पार्कच्या मोकळ्या रस्त्यावर, पहाटे उठून. मुलगी म्हटल्यावर भरवसा नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ड्रायव्हिंग स्कूल लावलं, मामा सुट्टीला आला की त्याच्याबरोबर प्रॅक्टिस केली, डिसेंबरात टेस्ट पास झाले. घरात पेढे आले, पप्पांनी फोटो काढला, पण ‘चल एक राउंड मार’ काही म्हणाले नाहीत.

मग जानेवारीत मला कसल्याशा फॉर्मसाठी त्यांच्या आधार कार्डची झेरॉक्स हवी होती. कपाटातल्या फायलीत शोधत होते. आधारच्या मागे त्यांचं लायसन्स होतं. मुदत २०२१ मध्ये संपलेली, त्यांना पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या तारखेला. आणि त्याच्या मागे डोळ्यांच्या दवाखान्याची फाइल. मधुमेहामुळे दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम, डाव्या डोळ्यावर लेझर.

मला वाटायचं पप्पा चालत बाजारात जातात ते शुगरसाठी. गेली चार वर्षं त्यांनी स्कूटरला हात लावला नव्हता आणि मी एका घरात राहून ‘पप्पा फिटनेसचं मनावर घेतायत’ असं मित्रांना सांगत होते. संध्याकाळी सहानंतर ते बाहेर जायचं टाळतात, हेही मला तेव्हा लक्षात आलं. पत्रकारितेची विद्यार्थिनी! निरीक्षणशक्तीवर आम्हाला अख्खा एक पेपर होता.

आईला माहीत होतं. ती म्हणाली, ‘त्यांनीच सांगू नको म्हटलं. पोरं काळजी करतील.’ लायसन्सची मुदत संपून एक वर्षाच्या वर गेलं की नूतनीकरणासाठी पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. चाळिशीनंतर डॉक्टरचं सर्टिफिकेटही लागतं. पप्पांना टेस्टची भीती नव्हती. डॉक्टर ‘नाही’ म्हणतील याची होती. म्हणून ते गेलेच नाहीत, आणि नुसत्या लायसन्ससाठीच नाही, तर डोळ्यांच्या पुढच्या तपासणीलाही दीड वर्ष गेले नाहीत. (इथे थांबून एक काम करा. घरात कुणाला शुगर असेल तर त्यांना विचारा, डोळ्यात थेंब टाकून पडदा तपासून किती दिवस झाले. वर्षातून एकदा तरी तो तपासावा लागतो, दिसायला व्यवस्थित दिसत असलं तरी. हे मला २२ व्या वर्षी कळलं.)

त्यांच्याशी हे बोलायचं कसं? मी दोन दिवस वाक्यं जुळवत होते. शेवटी रविवार आला. चहा झाला. मी मामाकडून आणलेली गाडी खाली लावली होती. गॅलरीत गेले आणि म्हटलं, ‘पप्पा, मामाची गाडी आठवडाभर उभी आहे. बॅटरी उतरेल.’

ते काही बोलले नाहीत. बराच वेळ कप हातात धरून बसले. मग उठून चपला शोधायला लागले.

खाली येऊन आधी चारही टायरना लाथा. मग डावीकडचं दार उघडून बसले. त्या सीटवर पप्पांना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. सीटबेल्ट लावायला त्यांचा हात सवयीने उजवीकडे गेला. आई मागे, तिलाही बेल्ट लावायला लावला, कारण मागच्यांनाही तो सक्तीचा आहे. तिच्या पर्समध्ये आवळा सुपारी होती. दादा नाही, तरी पिशव्यासुद्धा होत्या.

पहिली ड्राइव्ह कशी झाली? सिनेमासारखी अजिबात नाही. रत्नागिरी रस्त्याच्या रुंदीकरणामुळे निम्म्या खुणा ओळखू येत नव्हत्या. त्यात उसाचा सीझन. केर्लीच्या अलीकडे पुढे एक ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, वर ऊस इतका की मागून ड्रायव्हर दिसत नाही. मी ओव्हरटेकसाठी तीनदा बाहेर काढली आणि तीनदा आत घेतली. हात घामाने ओले. पप्पा समोर बघत म्हणाले, ‘घाई काय हाय? आपल्याला कुठं जायचंय?’ आम्ही त्या ट्रॉलीच्या मागे दोन-तीन किलोमीटर वीसच्या स्पीडने गेलो. खाली पडलेली उसाची वाढी चाकाखाली कराकरा वाजत होती. एका गुऱ्हाळावर ताजा गूळ निघत होता, तिथे आई म्हणाली थांब, थांबलो. गरम गूळ, पळसाच्या पानावर. आधी कधी थांबलो नव्हतो तिथे.

वाघबीळच्या चढावर गाडी बंद पडली. मागे एसटी. हॉर्नवर हॉर्न. मी रडायच्या बेतात. पप्पांनी हँडब्रेक ओढला आणि एकदम हळू आवाजात सांगितलं, ‘क्लच दाब. न्यूट्रल. चालू कर. आता फर्स्ट. क्लच सोडत ये, गाडी थरथरली की सांगतो.’ थरथरली. ‘हां, आता सोड ब्रेक.’ त्यांना ते दिसायची गरज नव्हती. गाडी त्यांना बसल्या जागेवरून कळत होती.

वर सज्जाकोठीपाशी मी फाइलबद्दल विचारलं. एवढंच म्हटलं की मी बघितली. ते म्हणाले, ‘रात्री समोरच्या लाइटभोवती सगळं पसरतं. एकदा सायबर चौकात एक पोरगं आडवं आलं. दिसलंच नाही. वाचलं. त्या दिवशी किल्ली ठेवली ती ठेवली.’ मग त्यांनी अंबारखान्याची तीन कोठारं सांगायला सुरुवात केली आणि मी ती पूर्ण ऐकून घेतली. दादाचा व्हिडिओ कॉल आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘वाघबीळला थांबलासा का? दही खाल्लंसा का?’ मी म्हटलं, ‘खाल्लो की.’ (कोल्हापूरच्या मुली बोलताना ‘आलो, गेलो’च म्हणतात. बाकी लेखात मी ‘आले, गेले’ लिहिलंय, नाहीतर उपसंपादक बदलतातच.)

खर्च विचारणार असाल तर, येऊन-जाऊन पंचेचाळीस किलोमीटर, अडीच लिटर पेट्रोल, म्हणजे पावणेतीनशेच्या आत. कॅफेत दोघांची कॉफी याच्यात बसत नाही. गाडी नसेल तर बस आहेच, आणि दोघांसाठी एक स्कूटर आणि दोन हेल्मेटही पुरतात. तुम्ही सुरू करणार असाल तर माझ्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी. ठिकाण नवीन शोधू नका, जुनंच घ्या. नवीन ठिकाणी सगळे फोटो काढतात, जुन्या ठिकाणी बोलतात. फोन पूर्ण बंद करायला लावू नका, आई-वडील चिडतात. गाणी कुणी लावायची याच्या पाळ्या ठेवा. आमच्याकडे आईच्या पाळीला दीड तास फक्त भावगीतं असतात आणि ती सहन करावी लागतात. आणि ‘आपण क्वालिटी टाइम घालवू या’ असं चुकूनही म्हणू नका. बॅटरी, हवा, सर्व्हिसिंग, गूळ संपलाय, काहीही चालेल. आपल्या घरातल्या लोकांना कारण लागतं.

आतापर्यंत पाच रविवार झाले. एक पावसाने नाही, माझ्या सबमिशनने बुडाला. पप्पा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेल्या आठवड्यात जाऊन आले, मीच नेलं. थेंब टाकल्यामुळे येताना त्यांना उजेड सहन होत नव्हता, तर माझा गॉगल घातला होता, जांभळ्या काड्यांचा. पुढच्या महिन्यात आणखी एक लेझर आहे. लायसन्सबद्दल डॉक्टर म्हणाले, त्यानंतर बघू. पप्पांनी ‘बघू’ हा शब्द घरी येऊन आईला दोनदा सांगितला.

हे सगळं छापायला मी त्यांची परवानगी घेतली. त्यांची एकच अट होती: वाघबीळला गाडी बंद पडली ती चढामुळे नाही, मी सेकंडवर चढवत होते म्हणून, हे स्पष्ट लिहायचं. लिहिलं.

काल फॅमिली ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. गुड मॉर्निंगचं फूल नाही, फॉरवर्ड नाही. ‘रविवार. ४ वा. मामाच्या गाडीत हवा कमी वाटते. पंपावर चेक करणे.’ खाली दादाने पुण्याहून लिहिलं होतं, ‘मी शनिवारी रात्री येतोय. पिशव्या ठेवा.’